तेरेझाचा हात आणि फिल्टरचा डबा

मालवणहून कट्टा गावाकडे निघालं की पहिला मोठा चढ संपतो, तिथे उजव्या हाताला इनास रॉड्रिग्जचं घर आहे. घराला टेकून पत्र्याची शेड, शेडला हिरवं शटर. शटरशेजारी खिडकी आणि खिडकीत शिलाई मशीन. आमच्या घरातले ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, भावाच्या लग्नातले कपडे, सगळं त्या खिडकीत शिवलेलं. शिवणारी तेरेझा, इनासची बायको. पुढची हकिकत तिनेच मला माप घेता घेता सांगितली, तीही एका बैठकीत नाही. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे ती मध्येच थांबायची. कधी कधी मुद्दामही थांबत असावी. मधला थोडा भाग सत्यवानकडून कळला. तो कोण, ते पुढे येईलच.

तेरेझा मूळची बांद्याची. बापाची पावाची भट्टी होती. पीठ मळायला घरातले सगळे हात लागायचे, पण तेरेझाचे हात लहान, म्हणून तिला पावांवर चीर द्यायला बसवायचे. शिवण ती तिथेच शेजारच्या शिंप्याच्या बायकोकडे शिकली. लग्न होऊन मालवणात आली, तेव्हा इनास म्हापशाचं वर्कशॉप सोडून नुकताच गावी आला होता आणि स्वतःची शेड उभी करत होता.

लग्नाला महिनाही झाला नसेल. ती पेज उतरवत होती, तेवढ्यात शेडमधून हाक आली.

"तेरेझ, ये गो वायच. तुजो हात होयो."

इंजिनाच्या मागे, त्याची बोटं पोचत नव्हती अशा जागी एक नट पडला होता. तिने चुडा कोपरापर्यंत सरकवला, हात आत घातला आणि नट काढून त्याच्या तळहातावर ठेवला. इनासने तिचा हात धरून उलटसुलट करून बघितला, बाजारातून आणलेला नवा पाना बघावा तसा, आणि हसला.

ते मग चालूच राहिलं. नट पडला, स्प्रिंग उडाली, एखादी वायर चेसिसच्या आडून ओढून घ्यायची आहे, की खिडकीकडे हाक जायची. ती मशीन थांबवून जायची, हात घालायची, तो सांगेल ते धरायची किंवा सोडायची. मग रॉकेलने हात पुसून, दोनदा साबण लावून परत शिवायला बसायची. चर्चमधल्या कोम्युनियन विधीच्या पांढऱ्या झग्याला काळा डाग लागला तर आईबाप ऐकून घेणार नाहीत, याचीच तिला जास्त भीती. गाडीच्या कुठल्या भागाला काय म्हणतात हे तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. मुलगा शेल्डन मोठा होऊन कुवेतला गेला. शेडमधल्या गाड्या बदलत गेल्या. हाक तीच.

इनासची नजर जाऊ लागली ती बाजूंनी. समोरचं नीट दिसायचं, पण कडेने येणारा माणूस एकदम पुढ्यात उभा राहिल्यासारखा वाटायचा. हे त्याने बराच काळ कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालायचे. डावा डोळा तेव्हाच संपल्यात जमा होता. उजव्यातून, कागदाची सुरळी करून बघावं तसं, समोरचं वाटोळं तेवढं दिसायचं, तेही धुरकट.

तरी तो काम करत राहिला. मग एक दिवस एक गिऱ्हाईक पुढच्या चाकाचा नट हातात घेऊन परत आलं. इनासने चाक बसवलं होतं आणि नट घट्ट करायचा राहून गेला होता. रस्त्यात आवाज आला म्हणून त्या माणसाने गाडी थांबवली, नाहीतर चाक निघालंच असतं. तो ओरडला नाही, भांडला नाही. नुसता नट दिला आणि म्हणाला, "इनासबाब, ह्यो तुमचो." इनासने त्याच संध्याकाळी शटर खाली ओढलं.

लोकांना सांगितलं, कमरेत भरलंय. कमरेचं दुखणं सगळ्यांना पटतं. तेरेझाही त्यात सामील झाली. रविवारी चर्चला जाताना ती त्याच्या कोपराला हात लावून चालायची, जणू तीच त्याचा आधार घेतेय. खड्डा आला की बोटं दाबायची. कोणी समोरून हाक मारली की "अगो, फिलोमिना, तू काय?" असं ती आधीच मोठ्याने म्हणायची, म्हणजे इनासला कळायचं कोण आहे ते. दोन वर्षं त्यांनी हे असं निभावलं. "नाटकात कसा वाक्य विसारलेल्याक मागसून सांगतत," ती मला म्हणाली, "तसा माझा काम. पण दमाक होता गो."

*

सत्यवान आला तो आंब्याला मोहर धरला होता त्या दिवसांत. सत्यवान मसुऱ्याचा. थोडी शेती, काजू आणि डोंगरकुशीत हापूसची कलमं. त्याच्याकडे शंभर सीसीची जुनी मोटरसायकल. लग्नानंतर घेतलेली, तेव्हापासून तीच. बागेकडे जाणारी वाट चढाची आणि लाल मातीची, फवारणीचं पंप-औषध मागे बांधून तो त्याच गाडीवर जायचा. पूर्वी ती कायम इनासकडेच दुरुस्तीला यायची. मसुऱ्याहून मालवणात येणं लांब पडतं म्हणून मधल्या काळात तो दुसरीकडे दाखवू लागला होता.

इनास पडवीत बसला होता. गाडी अजून चढावर होती तेव्हाच तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "सत्यवानाची गाडी ती. पण गुदमारता."

गाडी अंगणात येऊन बंद पडली. मागे गोणपाटात काहीतरी बांधलेलं.

"इनास, आसस मां रे? गॅरेज बंद कित्याक?"

"कमरेत भरलाहा. बस. काय झाला गाडयेक?"

"काय सांगा! फिल्टराचो डबो फुटलो. एक मेकॅनिक म्हणालो, डबो फेकून दी, बारको फिल्टर लावतंय. लावल्यान. तेव्हापासना चढावार रेस दिली काय मधीच श्वास सोडता. दुसऱ्याक दाखयलंय तर तो म्हणता, त्या डब्यासाठी अर्धी गाडी उसकटूची लागतली, त्यापरास नयी घे." सत्यवानने गोणपाट सोडलं. "मेव्हण्यान बांद्याक भंगारवाल्याकडसून ह्यो डबो मिळवल्यान. आख्खो आसा, रबरासकट. बसवशीत?"

गोणपाटातून काळ्या प्लास्टिकचा डबा निघाला. जुन्या मोटरसायकलला कार्बोरेटरच्या मागे, चेसिसच्या दोन नळ्यांच्या मध्ये, मागच्या मडगार्डला चिकटून असा डबा असतो. त्याच्या आत फिल्टर. त्यातून पुढे एक जाड रबरी नळी येते आणि कार्बोरेटरला लागते. धूळ गाळणं हे त्याचं काम आहेच, पण तेवढंच नव्हे. "इंजिनाक वारो होयो," इनास म्हणाला, "पण थारलेलो. ह्या डब्यात वारो थारता. तो काढलो काय उसळलेलो वारो सरळ आत जाता, मगे ता गुदमारता."

त्याने डबा मांडीवर घेतला, बोटांनी चारी कोपरे, पुढचं तोंड, मागचे बोल्ट लावायचे दोन कान चाचपले. उजवा डोळा सत्यवानच्या चेहऱ्याकडे बरोबर रोखलेला. सत्यवानला काही कळलं नाही.

"गाडी ठेय. परवा ये."

तो एसटीने परत गेला आणि तेरेझा बाहेर आली.

"तुका दिसणा नाय, आणि तू गाडी ठेवन घेतलंस?"

"हाताक दिसता."

"हाताक दिसता तर त्या चाकाच्या नटाक काय झाला होता?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. इनास उठला, भिंतीचा आधार घेत शेडपर्यंत गेला आणि शटर वर ढकललं. गंजलेलं शटर किंचाळत वर गेलं.

*

डबा फेकायची भाषा केलेल्या मेकॅनिकने फुटका डबा आतच सोडला होता; तो सहज निघाला, कारण तो फुटका होता. बॅटरी काढली, सीट काढली, कार्बोरेटर सुटा करून बाजूला लटकवला, दोन बोल्ट काढले आणि डब्याचे तुकडे ओढून घेतले. इनासला हे सगळं न बघता येत होतं. त्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा खूश होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने भात पुन्हा मागून घेतला.

अडचण दुपारनंतर. नवा डबा आख्खा होता, आणि आख्खा डबा आत जाईना. त्याने उजवीकडून घातला, रबरी नळी चेसिसला अडली. डावीकडून घातला, कान अडला. वरून सोडला, अर्ध्यात रुतून बसला, तो बाहेर काढतानाच घाम फुटला. तेरेझा खिडकीत शिवत होती. ठोकल्याचा आवाज आला की तिला बरं वाटायचं. आवाज थांबला की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, म्हणून ती शेडच्या दारात गेली.

इनास खाली बसला होता. डबा दोन्ही गुडघ्यांत धरलेला, हातात करवत, आणि डाव्या हाताच्या बोटाने तो कोपरा शोधत होता. बोटातून रक्त येत होतं, त्याला ते कळलं नसावं.

"काय करतस?"

"ह्यो कोपरो आडता. वायच कापतंय."

"डबो तुजो नाय तो. फुटलेलो डबो बदलूक इलोहा बिचारो, आणि तू नयो कापून देतलस?"

"कोणाक दिसाचा नाय."

"माका दिसतला."

त्याने करवत खाली ठेवली. तिने अस्तराच्या कापडाची पट्टी आणून त्याचं बोट बांधलं. बांधत असताना तो हळू म्हणाला, "तेरेझ, माका आठवता तो कसो जाता. कितीदा घातलोहा. हाताक पुरा आठवता. पण जाणा नाय."

ती मला म्हणाली, लग्नानंतर इतक्या वर्षांत हा माणूस "माका जमणा नाय" असं कधी म्हणाला नव्हता, आणि तेव्हाही म्हणाला नाही. पण त्याच्या अगदी जवळ आला होता. तिला त्याचा राग आला होता, तो कुठेतरी गेला. उरली ती काळजी. परवा सत्यवान येणार. तोवर ही गाडी उघडी, तिचे भाग शेडभर पसरलेले, आणि ते कुठे कुठे ठेवलेत हे फक्त इनासच्या डोक्यात.

*

सत्यवान परवाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. मोहरावर तुडतुडे दिसले होते, फवारणी थांबवून चालणार नव्हतं. तेरेझा अंगण झाडत होती. इनास घरात डोळ्यांत थेंब घालत होता. तिने झाडू भिंतीला लावला आणि ठरवलेलं नसतानाही बोलून टाकलं.

"भाऊ, तुमका एक सांगूचा आसा. कमरेचा कायएक नाय. इनासाक दिसणा नाय."

सत्यवानला आधी अर्थच लागला नाही. मग त्याने उघड्या शटरमधून आत पाहिलं. सीट नसलेली गाडी, लोंबणारा कार्बोरेटर, बाहेरच पडलेला डबा. मला त्याने सरळ सांगितलं, त्या वेळी त्याच्या मनात पहिल्यांदा इनास नाही आला, गाडी आली. आता हिचं काय होणार, हेच आलं.

"मगे..." तो चाचरत म्हणाला, "वैनी, गाडी घेवन जाव मी? टेम्पो बघतंय."

"व्हर, घेवन जा," मागून इनासचा आवाज आला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. थेंबाचं पाणी गालावरून ओघळत होतं, ते त्याने पुसलंही नव्हतं. "टेम्पोवाल्याक मीच फोन करतंय. आतले सगळे भाग एका पोत्यात घालून देतंय. काय हरवाचा नाय."

हे तो अगदी साध्या आवाजात बोलला. तेरेझा सांगते, तिने त्याचा रागाचा आवाज ऐकलाय, थट्टेचा ऐकलाय, हा कधी ऐकला नव्हता. हा दुकान मोडून निघालेल्या माणसाचा आवाज होता.

"टेम्पो नको," ती म्हणाली. "हात माझो जातलो आत. खंय घालूचो ता तू सांग. आणि भाऊ, तुमी हंय या, टॉर्च धरा."

"तुका कायएक म्हायत नाय त्यातला," इनास म्हणाला.

"तुका म्हायत आसा मां? मगे झाला."

सत्यवानने चपला काढल्या, शेडमध्ये देवळात जावं तसा शिरला आणि टॉर्च हातात घेतला.

*

आधी इनासच्या पद्धतीने करून झालं. "रबर डब्याक आधीच लावलेला होया," तो म्हणत होता. "नळी पुढे, डबो तिरको, उजवेकडसून. मगे मनगट फिरवल्यासारखो फिरव." तेरेझाने फिरवला. नळी चेसिसवर आपटली. पुन्हा फिरवला. सत्यवानने चेसिस धरून गाडी कलती केली, तरी नाही.

"फिरवतस तू नीट?"

"नीटच फिरवतंय. रबर वाकणा नाय."

इनासने हात पुढे केला, नळी दाबून बघितली. करवंटीसारखी कडक झाली होती. "मी घातलंय तेव्हा रबर नया होता," तो जरा वेळाने म्हणाला. "मऊ. आत जाताना दुमडायचा. माझ्या हाताक ता आठवता. ह्या नाय."

तेरेझाने डबा मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा तो नीट पाहिला. नळी डब्याच्या तोंडाला जिथे लागते तिथे आतल्या बाजूने तिला एक गोल कड होती, आणि ती कड तोंडाच्या काठावर बसत होती. तिने त्या कडेवरून बोट फिरवलं. असं काहीतरी ती रोज करत होती.

"ही बाही आसा," ती म्हणाली.

"काय?"

"बाही रे. ब्लाउजाची बाही भायरसून लावतत काय? आतसून लावतत आणि भायर ओढून घेतत. नळी काढतंय मी. डबो नुसतो घालूया. मगे फिल्टराच्या दारातसून नळी आत घालून पुढे भायर काढतंय."

"तसा कोण करणा नाय."

"करणत नाय, कारण कोणाचो हात त्या दारातसून जाणा नाय. माझो जातलो."

इनास डब्याच्या बाजूचं, फिल्टर आत घालायचं दार बोटांनी मापत राहिला. सत्यवान म्हणतो, तेवढा वेळ टॉर्च धरून उभं राहणं मला जड गेलं. नवराबायकोच्या मध्ये उजेड पाडून उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

नळी निघाली. तेरेझाने चुलीवर पाणी उकळलं आणि नळी त्यात टाकली, तोवर नुसता डबा उजवीकडून आत घातला. गेला. अगदी सहज नाही, पण कुरकुरत गेला. तिला इतका आनंद झाला की ती बोल्ट घेऊन लगेच लावायला निघाली. पण भोकाला भोक मिळेना. डबा बोटभर वर राहिला होता. तिने खाली दाबला, मग मूठ मारली.

"थांब," इनास म्हणाला. "मारू नको. माका बघूं दी."

तो गाडीच्या मागे गेला, हात खाली घालून डब्याच्या पाठीवरून, मडगार्डवरून, पुन्हा डब्यावरून फिरवत राहिला. "डबो बरोबर आसा. मडगार्ड त्येका उचालता. सत्यवान, तू कधी मागसून आपटलंस?"

"शेणी घेवन जाताना दगडी गडग्याक लागलोहा एकदा. लय वर्सां झाली."

"तेव्हापासना मडगार्ड पुढे सराकला. मागचे दोन बोल्ट ढिले कर. काढू नको, ढिले कर." बोल्ट ढिले झाले, इनासने मडगार्ड गुडघ्याने मागे रेटला आणि डबा टक् करून खाली बसला. त्या आवाजाला तिघेही एकाच वेळी हसले.

गरम नळी पाण्यातून काढली तेव्हा वाकू लागली होती. तेरेझाने हाताला खोबरेल लावलं, फिल्टरच्या दारातून नळी आत घातली आणि मनगट वळवून डब्याच्या तोंडातून बाहेर रेटली. मनगट अडलं. कधी काळी चुडा सरकवलेलं ते मनगट आता पूर्वीइतकं बारीक राहिलं नव्हतं. दाराची धार कातडीत रुतली. तिने दात आवळले आणि कड गोल गोल फिरवत काठावर बसवत नेली, बाही मुंढ्याला बसवतात तशी, थोडी थोडी, कुठेही चुणी न ठेवता. इनास पुढच्या बाजूने बोटं लावून सांगत होता, "वर बसली. डावेकडे बसली. आता खाली." शेवटी आत फिल्टर बसवून दार लावलं, कार्बोरेटर परत जागेवर आला आणि क्लिप आवळली.

सत्यवानने किक मारली. गाडी सुरू झाली. त्याला तेवढंच हवं होतं. पण इनासने हात वर केला.

"शिट्टी येता."

दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. इनास वाकला, कान कार्बोरेटरकडे केला. "खालसून वारो ओढता. तेरेझ, बोट घाल, कार्बोरेटरच्या पोटाखाली." ते कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं, टॉर्चनेही नाही. तेरेझाने बोट घातलं. नळीचा ओठ एका जागी आत दुमडला होता. तिने नखाने तो सोडवला आणि बाहेर काढला.

"आता?"

इनास ऐकत राहिला. मग सरळ उभा राहिला. "आता बरी."

*

चढावर चालवून बघितल्याशिवाय खात्री नाही, असं इनासच म्हणाला. सत्यवान सीट बसवून गाडीवर चढला आणि म्हणाला, "मगे तूच बस मागे. तुजो कान होयो."

शटर पडल्यापासून इनास मोटरसायकलवर बसला नव्हता. तेरेझा "नको" म्हणणार होती. तिच्या मते ती म्हणालीही, पण इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ते दोघे उतरणीने खाली गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. ती फाटकापाशी उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे, मनगटाभोवती लाल वळ. रस्त्याने एक बाई कापड घेऊन आली, तिला तेरेझा म्हणाली, "उद्या ये गो, आज हात बरे नाय."

वाटेत काय झालं ते सत्यवानने सांगितलं. चढावर गाडीने कुठेही श्वास सोडला नाही. परत फिरायचं, तर इनास मागून म्हणाला, "आता आपण खंय आसव?" सत्यवानने सांगितलं, अमक्याच्या काजूच्या बागेकडे. "बाग आसा अजून?" "अर्धी आसा. अर्ध्येत पर्यटकांक खोल्यो बांधल्यान." मग सत्यवान सांगतच गेला. इथे वड तोडला. इथे नवं किराणा दुकान, इथे रस्ता रुंद केला, तुझ्या शाळेला निळा रंग दिला. इनास "बरा, बरा" म्हणत होता आणि मध्येच हात लांब करत होता, जणू वारा चाचपतोय. दोन वर्षांत गावात काय काय झालं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण त्याला दिसतं असंच सगळे धरून चालले होते. "मी गाडी मुद्दाम लांबसून घेवन इलंय," सत्यवान म्हणाला.

ते परत आले तेव्हा इनासचे केस उभे आणि भुवयांवर लाल धूळ. तेरेझाने काही न विचारता पदराने त्याचं तोंड पुसलं. सत्यवान फवारणीच्या घाईत होता, तरी चहा पिऊन गेला.

*

गोष्ट मसुऱ्यात पोचली आणि तिथून मालवणात परत आली. इनास पुढचे काही दिवस तेरेझाशी तुटक बोलत होता. तिने सत्यवानला सांगितलं याचा राग नव्हता. आता सगळ्यांना माहीत आहे, याची सवय करून घेत होता. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी त्याचा दंड धरला तर तो ताठ झाला. त्यापुढच्या रविवारी नाही झाला. आणि तेरेझाला नावं मोठ्याने घ्यावी लागेनाशी झाली. लोक स्वतःच जवळ येऊन म्हणू लागले, "इनासबाब, मी विनीता," "मी कौस्तुभ." ती म्हणते, मी दोन वर्षांनी पहिल्यांदा मिस्साची प्रार्थना नीट ऐकली.

शटर हल्ली सकाळी अर्धं वर असतं. कार्बोरेटर, फिल्टर, वायरिंगची कामं ते घेतात. इनास आता तिला भागांची नावं सांगतो. ती काही लक्षात ठेवते, काहींना आपलीच देते. गॅस्केटला ती अस्तर म्हणते आणि क्लिपच्या भोकाला काज. इनासला ते आवडत नाही, पण तोही एकदा माझ्यासमोर "ता अस्तर दी" म्हणाला. सगळं छान चाललंय असं मात्र नाही. उजव्या डोळ्यातलं वाटोळं लहान होत चाललंय. काही दिवस शटर उघडतच नाही आणि पडवीत बसलेला इनास हाकेला ओ देत नाही. तेरेझाचीही बोटं सकाळची आखडलेली असतात. शेल्डन फोनवर विचारतो, कशाला हे सगळं. ती म्हणते, तू येशील तेव्हा बघ.

गेल्या महिन्यात मी ब्लाउज आणायला गेले होते. बंदरावरचा धोंडू आपली मोटरसायकल ढकलत आला. ब्रेक लागत नव्हता. इनास पडवीत होता.

"ब्रेकाचा काम मी घेणय नाय," तो म्हणाला. "माका दिसणा नाय."

आतमध्ये तेरेझाच्या हातातला माझा ब्लाउज तसाच राहिला. हे वाक्य त्याच्या तोंडून तिने त्याआधी ऐकलं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. धोंडू क्षणभर ओशाळला. मग गाडी स्टँडवर लावून पडवीच्या पायरीवर बसला.

"बरा. मगे चाय तरी पाजशात?" तो म्हणाला. "ढकलून ढकलून जीव गेलो माझो."

इनासने घराकडे तोंड करून तेरेझाला हाक मारली, आणि धोंडूला विचारलं, बंदरावर आज काय मासळी मिळाली.